सरकारी खरेदीतील आपला वाटा कोठे जातो?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारी सकाळी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर आम्ही नेहमीप्रमाणे टेबल मांडून बसलो होतो. जातीचा दाखला, शिधापत्रिका, मुलांची शिष्यवृत्ती, निराधार भगिनींचे अर्ज, असे कागद दर रविवारी आम्ही भरून देतो. आमची नोकरी कारकुनाची. सारे आयुष्य कागदात चालले आहे, तेव्हा आपल्या माणसांचे कागद तरी नीट व्हावेत, एवढीच त्यामागची भावना.

त्या दिवशी आमच्या वस्तीतील एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचे भेंडोळे घेऊन आल्या. त्यांचे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. आईने उसनवारी करून एक शिलाई मशीन घेतले व त्या एका मशीनवर चार लेकरे वाढवली. आज ताईंकडे सहा मशीन आणि एक ओव्हरलॉक आहे. वस्तीतील आठ बायाबापड्यांच्या चुली त्यावर पेटतात. शाळेचे गणवेश, दप्तरे, दवाखान्याच्या चादरी, जे मिळेल ते काम त्या करतात.

केंद्र सरकारच्या एका उपक्रमाने कामगारांच्या ॲप्रनसाठी निविदा काढली होती. अंदाजित रक्कम बारा लाख. ताईंनी हिंमत करून निविदा भरली. दोन टक्के बयाणा, म्हणजे २४,००० रुपये भरायचे होते. घरात एवढी रक्कम कोठून असणार? आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. काम मिळाले नाही. बयाणा परत यायला चार महिने लागले आणि तोवर पाटल्यांवर व्याज चढले ते वेगळेच. ताई आम्हाला म्हणाल्या, "दादा, काम नाही मिळालं त्याचं दुःख नाही. पण हे बयाण्याचे पैसे सगळ्यांनाच भरावे लागतात का हो?"

आम्ही कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. ताईंनी एक रुपयाही बयाणा भरण्याची गरज नव्हती. सरकारनेच तो माफ केला आहे. मग माफी का मिळाली नाही? तर ताईंच्या 'उद्यम' नोंदणीपत्रावर धंद्याचा प्रकार 'व्यापार' असा पडला होता आणि सामाजिक प्रवर्ग 'सर्वसाधारण'! स्वतः कापड कापून, शिवून माल तयार करणारी बाई कागदावर दुकानदार झाली होती. बौद्ध बाई कागदावर सर्वसाधारण प्रवर्गात जाऊन बसली होती. हे नोंदणीपत्र काढून देणाऱ्या माणसाने त्यांच्याकडून दीड हजार रुपये घेतले होते. वास्तविक ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे.

ही एका ताईची कहाणी नाही. आपल्या समाजात लहानमोठा धंदा करणारे हजारो बंधुभगिनी आहेत. शाळेत, कचेरीत राखीव जागा असतात हे आपल्या घरातील पोराटोरांना ठाऊक आहे. परंतु सरकार जी खरेदी करते तिच्यातही आपला वाटा लिहून ठेवलेला आहे, हे किती घरांना माहीत आहे? म्हणून हा लेखप्रपंच.

सरकार हे मोठे गिऱ्हाईक

सरकार म्हणजे केवळ कायदे करणारी यंत्रणा नव्हे. ते देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. रेल्वेला चादरी लागतात, टपाल खात्याला पिशव्या लागतात, इस्पितळांना पट्ट्या लागतात, प्रत्येक कचेरीला कपाटे, खुर्च्या, फायली आणि झाडू लागतात. हा सारा माल जनतेच्या करातून विकत घेतला जातो. काडेपेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर आपणही भरतो. तेव्हा त्या पैशातून होणारी खरेदी मूठभर बड्या कारखानदारांकडूनच का व्हावी?

हा प्रश्न नवा नाही. १९४२ साली परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वर्षी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. नोकऱ्या आणि शिक्षण यांबरोबरच त्यात सरकारी कंत्राटांचा प्रश्न त्यांनी मांडला होता. सार्वजनिक बांधकाम खात्याची कंत्राटे कोणाला मिळतात आणि त्यांत आपली माणसे का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. नोकरीने एक घर वर येते, धंद्याने चार घरांना काम मिळते, हे त्या महामानवाने तेव्हाच ओळखले होते. आपण मात्र नोकरीचा धागा घट्ट धरला आणि दुसरा धागा सुटून गेला.

पुढे २००२ च्या जानेवारीत भोपाळ येथे दलित-आदिवासी विचारवंतांची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात सरकारी खरेदीतील वाट्याची मागणी पुन्हा पुढे आली. अमेरिकेत १९५३ च्या कायद्याने लहान उद्योगांना सरकारी खरेदीत स्थान देण्यात आले. काळ्या लोकांच्या व इतर मागे ठेवलेल्या समाजांच्या उद्योगांसाठीही तेथे पुढे तरतुदी झाल्या. तो दाखला येथे उपयोगी पडला. २००५ साली पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजेच 'डिक्की' या संस्थेनेही हा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला.

कायदा काय सांगतो?

२००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा झाला. त्याच्या कलम ११ चा आधार घेऊन केंद्र सरकारने २३ मार्च २०१२ रोजी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला व तो १ एप्रिल २०१२ पासून लागू केला. केंद्राची मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात दुरुस्ती होऊन २० चे २५ टक्के करण्यात आले आणि १ एप्रिल २०१९ पासून ते अमलात आले.

या २५ टक्क्यांच्या पोटात दोन वाटे वेगळे काढलेले आहेत. एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. याशिवाय ३५८ वस्तूंची एक यादी आहे. त्या वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्याव्यात असा नियम आहे. या यादीत बूट आहेत, चपला-सँडल आहेत, छत्र्या आहेत, स्टीलची कपाटे आहेत, कागदी पाकिटे आहेत, तयार कपडे आहेत. वाचक बंधुभगिनींनो, ही यादी नीट वाचा. यांतील कितीतरी कामे आपल्या व आपल्या शेजारच्या वस्त्यांतील हात पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत!

येथे एक खुलासा. नावात 'मध्यम' असले तरी खरेदीतील हा वाटा मध्यम उद्योगांना नाही, तो फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत व वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तो सूक्ष्म उद्योग. आपले बहुतेक सर्व धंदे यातच येतात. माल तयार करणारे आणि सेवा देणारे या धोरणात बसतात. नुसती खरेदी-विक्री करणारे व्यापारी बसत नाहीत. बांधकामाची कंत्राटेही यात येत नाहीत. ताईंचे नुकसान नेमके या 'व्यापार' शब्दाने केले.

सवलती कोणत्या?

पहिली सवलत, निविदेचे कागद विनामूल्य मिळतात. दुसरी, बयाणा रक्कम माफ. मात्र काम मिळाल्यावर कामगिरीची हमी म्हणून जी अनामत भरावी लागते ती माफ नाही. तिची तजवीज आधीच करून ठेवावी.

तिसरी सवलत सर्वांत महत्त्वाची आहे, पण ती कोणी नीट समजावून सांगत नाही. समजा, १,००० पिशव्यांची निविदा आहे. एका बड्या कंपनीने सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये दर भरला. आपण ११२ रुपये भरला. आपला दर सर्वांत कमी दराच्या वर १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११५ रुपयांच्या आत आहे. अशा वेळी खरेदीदाराने आपल्याला विचारावयाचे असते की, तुम्ही १०० रुपयांना माल द्याल काय? आपण होकार दिला तर एकूण मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २५० पिशव्यांपर्यंत काम आपल्याला मिळू शकते. आपण ११६ रुपये भरले असते तर हा प्रश्नच आला नसता. आणि सर्वांत कमी दर भरणारा स्वतःच लघुउद्योजक असेल, तर ही सवलत लागू होत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. म्हणून एक इशारा देतो. सवलत आहे म्हणून डोळे मिटून होकार देऊ नये. कापड, दोरा, मजुरी, वीज, वाहतूक, खोलीचे भाडे आणि स्वतःची मजुरी, हे सारे वहीत मांडावे. पिशवी १०३ रुपयांना पडत असेल तर १०० रुपयांना देणे म्हणजे प्रत्येक पिशवीबरोबर तीन रुपये घरचे घालणे होय. आपल्या भगिनी स्वतःची मजुरी कधी हिशेबात धरीतच नाहीत. तेथेच धंदा बुडतो.

वाटा कोठे जातो?

आता कटू सत्य. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाच्या खरेदीचे एकूण उद्दिष्ट केंद्राची खाती व उपक्रम मिळून पार करीत आले आहेत. परंतु आपल्या ४ टक्क्यांचे काय? धोरण लागू झाल्यावर कित्येक वर्षे हा वाटा एक टक्क्यापर्यंतही पोहोचला नाही. चारांतील तीन हिस्से दुसरीकडे गेले. आदेशातच तसे लिहिले आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरले नाहीत किंवा अटी व दर यांत बसले नाहीत, तर त्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा.

म्हणजे आपण गेलो नाही तर ताट उचलले जाते. साहेब लोक म्हणतात, "तुमची माणसे येतच नाहीत." हे अर्धसत्य आहे. येत नाहीत हे खरे, पण का येत नाहीत? निविदेतच अशा अटी घालतात की लहान माणूस दारातूनच परत जावा. गेल्या तीन वर्षांत अमुक कोटींची उलाढाल हवी, अमुक इतक्या मालाच्या पुरवठ्याचा अनुभव हवा, असे लिहिलेले असते. ज्याला काम दिलेच नाही, त्याने अनुभव कोठून आणावा? शाळेत घ्यायचे नाही आणि वर म्हणायचे की याला वाचता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली लाइफकेअर इनोव्हेशन्स या कंपनीच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. खरेदी धोरणाला कायद्याचे बळ आहे व त्याची अंमलबजावणी हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. एका विशिष्ट उद्योगाला अमुक कंत्राट मिळालेच पाहिजे असा हक्क त्यातून निर्माण होत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. पण उलाढालीच्या अटींचा प्रश्न धोरणाखालील समितीने पाहावा, असा त्याचा रोख आहे. तसेच २०१६ साली केंद्राच्या अर्थखात्याने, गुणवत्ता व तांत्रिक अटी पुऱ्या होत असतील तर पूर्वानुभव व उलाढालीची अट शिथिल करता येईल, असे कळवले आहे. निविदा भरताना या सवलतीची मागणी लेखी करावी. तोंडी बोललेले कचेरीत टिकत नाही, हे आमच्यासारख्या कारकुनाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

नाव आपले, पैसा दुसऱ्याचा

आणखी एक धोका सांगणे आमचे कर्तव्य आहे. हा वाटा मिळवण्यासाठी धंद्याची मालकी खरोखर आपली हवी. एकट्याचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जाती वा जमातीचा हवा. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा आपल्या माणसाचा हवा. हे कळल्यामुळे काही धूर्त मंडळी वस्तीत फिरू लागली आहेत. "फक्त सही कर, महिन्याला पाच हजार घे," असे ती बेकार तरुणांना सांगतात.

आमच्या माहितीतील एका मुलाने अशी सही केली. दोन वर्षांनी जीएसटीची नोटीस त्याच्या खोलीवर आली. लाखांचा कर थकलेला आणि ज्याने सही घेतली त्याचा फोन बंद! त्या मुलाची आई नोटीस हातात घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. बंधूंनो, उपाशी राहा, पण आपले नाव भाड्याने देऊ नका. त्या नावामागे आपल्या बापजाद्यांचा लढा आहे.

याउलट दुसरेही घडते. आपली काही शिकलेली माणसे प्रवर्गाच्या रकान्यात मुद्दाम 'सर्वसाधारण' लिहितात. जात कळली तर काम मिळणार नाही ही त्यांची भीती. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही, खासगी बाजारात तसे अनुभव येतात. पण सरकारी खरेदीत तो रकाना आपल्या हक्काचा आहे. १९९० पर्यंत बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कोठे त्या मिळाल्या. एवढ्या झगड्याने मिळालेला रकाना आपल्याच हाताने रिकामा का सोडावा?

माल दिला, पैसे कधी?

लहान धंदा कामाअभावी मरतो त्यापेक्षा थकलेल्या बिलाने अधिक मरतो. त्यावरही २००६ च्या त्याच कायद्यात उपाय आहे. माल स्वीकारल्यावर लेखी करार असेल तर त्यानुसार, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. सरकारी खरेदीदारही त्यातून सुटलेला नाही.

पैसे अडले तर सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. आपल्या राज्यातही अशा परिषदा आहेत. त्यांच्याकडे अर्ज करण्यासाठी २०१७ साली 'समाधान' हे संकेतस्थळ सुरू झाले. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र माल देण्यापूर्वीच आपली नोंदणी झालेली असली पाहिजे. लग्न लागल्यावर कुंकू आणायला धावून चालत नाही.

काय करावे?

पहिले, 'उद्यम' नोंदणी स्वतः किंवा विश्वासू माणसाकडून मोफत करून घ्यावी. दुसरे, त्यावर आपला धंदा 'उत्पादन' किंवा 'सेवा' असा आहे काय आणि प्रवर्ग बरोबर आहे काय, हे आजच तपासावे. चूक असेल तर दुरुस्तीही मोफत होते. तिसरे, जातीचा दाखला धंद्याच्या मालकाच्या नावाशी अक्षरशः जुळतो की नाही ते पाहावे. चौथे, २०१६ पासून सुरू असलेल्या 'जेम' या सरकारी खरेदीच्या बाजारपेठेवर आपला माल नोंदवावा. केंद्राची बरीच खरेदी आता तेथूनच होते. पाचवे, राष्ट्रीय लघुउद्योग निगमाच्या कार्यालयात जाऊन राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबची चौकशी करावी. २०१६ साली सुरू झालेला हा हब आपल्यासाठीच आहे.

लक्षात ठेवावे, वर सांगितलेले धोरण केंद्राचे आहे. राज्य सरकार, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या खरेदीचे नियम वेगळे असतात. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली, ती आपल्या कार्यकर्त्यांनी मिळवून वाचावी. शेजारच्या कर्नाटकाने तर ठरावीक रकमेपर्यंतच्या कंत्राटांत अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने वाटा राखून ठेवला आहे. आपल्या आमदार-खासदारांना आपण हे कधी विचारणार? जयंतीच्या मंचावर त्यांना हार घालताना एक प्रश्नही हातात ठेवावा.

ताईंचे पुढे काय झाले?

ताईंचे नोंदणीपत्र आम्ही त्याच रविवारी दुरुस्त केले. खर्च शून्य रुपये. त्यानंतर त्यांनी दोन निविदा भरल्या, दोन्ही वेळा बयाणा माफ. पहिल्या निविदेत त्यांचा दर १५ टक्क्यांच्या आत आला व कमी दराने माल देण्याविषयी विचारणा झाली. ताईंनी रात्रभर वही मांडली आणि नकार दिला. त्या दरात आठ बायांची मजुरी निघत नव्हती. आम्हाला त्यांच्या या नकाराचाच अधिक अभिमान वाटला. दुसऱ्या निविदेत हिशेब बसला आणि ३०० ॲप्रनचे काम मिळाले. फार मोठे काम नव्हे. पण त्या पावसाळ्यात मंदीच्या महिन्यातही सहाच्या सहा मशीन चालू राहिल्या.

बिल छत्तिसाव्या दिवशी मिळाले. त्याच संध्याकाळी ताई आईला घेऊन सावकाराकडे गेल्या आणि पाटल्या सोडवून आणल्या. दुसऱ्या रविवारी म्हातारी विहारात आली ती दोन्ही हात पुढे करूनच. आम्हाला म्हणाली, "बाळा, आता दुसऱ्यांचेबी कागद बघ."

तेव्हा बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरी शिलाईचे, चामड्याचे, छपाईचे, लोखंडकामाचे, डबे पुरवण्याचे वा साफसफाईच्या सेवेचे काम आहे, त्यांनी आपले नोंदणीपत्र पेटीतून बाहेर काढावे आणि त्यावरचे ते दोन रकाने वाचावेत. चूक आढळली तर जवळच्या विहारातील शिकलेल्या मुलाला गाठावे. आणि शिकलेल्या मुलामुलींनो, रविवारचे दोन तास द्या. आपला वाटा मागायला कोणी तरी टेबल मांडून बसावेच लागते.